अटॅचमेंटचं नाव बिघडतं तेव्हा: ई-मेल लायब्ररीतले फाइलनेमचे घोळ कसे शोधायचे

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "अटॅचमेंटचं नाव बरोबर येत नाही." या एका वाक्याआड वेगवेगळे सात-आठ बिघाड लपलेले असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांना चालत नाहीत. म्हणून आधी नाव नेमकं कसं चुकलंय ते बघा.

लक्षणं

- नाव "=?" ने सुरू होतं, "?=" ने संपतं आणि मधे अक्षर-अंकांची न वाचता येणारी माळ असते. नाव डिकोडच झालेलं नाही, म्हणजे पाठवण्यासाठी एन्कोड केलेल्या (बदललेल्या) रूपातून मूळ अक्षरांत परत आलेलं नाही.
- नावात टक्केचिन्हांची रांग लागलेली असते. हाही डिकोड न झाल्याचाच प्रकार, पण एन्कोडिंगची पद्धत वेगळी.
- छोटी नावं ठीक येतात, लांब नावं मधेच तुटतात किंवा रिकामी येतात.
- नाव पहिल्या स्पेसपाशी किंवा अर्धविरामापाशी कापलं जातं.
- प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी तीन-तीन विचित्र लॅटिन चिन्हं दिसतात. कधी तीनच्या जागी सहा.
- नावभर प्रश्नचिन्हं, किंवा काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं.
- अक्षरं दिसतात पण मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं गायब. "निविदा" नावाची फाइल "नवद" होऊन येते.
- नावच नाही. मेल वाचून त्याचे भाग वेगळे करणारी कोडची लायब्ररी काहीही परत देत नाही.
- नाव वाचताना अपवाद (एक्सेप्शन) फेकला जातो आणि त्या एका अटॅचमेंटपायी अख्खा मेल रांगेत अडकून राहतो.

हेडर म्हणजे मेलच्या आणि त्यातल्या प्रत्येक भागाच्या आधी येणाऱ्या माहितीच्या ओळी. हेडरमधल्या बाइटपासून डिस्कवरच्या फाइलपर्यंत नाव पाच टप्प्यांतून जातं: कच्चे बाइट, हेडरची उलगड (मोडलेल्या ओळी जोडणं), पॅरामीटरची म्हणजे नाव=मूल्य अशा जोड्यांची फोड, डिकोडिंग आणि शेवटी साफसफाई करून साठवणं. बिघाड कोणत्याही टप्प्यावर झाला तरी दिसतो मात्र शेवटच्या टप्प्यावर. त्यामुळे दुरुस्तीही शेवटच्याच टप्प्यावर होते. कोणीतरी तिथे आणखी एक डिकोड लावतं, तो एक मेल सुधारतो आणि आधी नीट चालणारे दहा बिघडतात. टप्पा सापडेपर्यंत कोडला हात लावू नका. खालच्या तपासण्या याच क्रमाने लावल्या आहेत. पहिल्या तीनना कोडची एक ओळही बदलावी लागत नाही.

उदाहरणांमधले हेडरचे शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत, प्रत्यक्ष मेलमध्ये ते रोमन लिपीत असतात.

१. मूळ मेल मिळवा, मेल-क्लायंटमधला नको

ज्या मेलवर तक्रार आहे त्याचे कच्चे बाइट हातात हवेत. "मला फॉरवर्ड करा" असं सांगितलंत तर पुरावा गेलाच: फॉरवर्ड करताना पाठवणारा प्रोग्राम अटॅचमेंटचे हेडर स्वतःच्या पद्धतीने नव्याने लिहितो. क्लायंटमधून "सेव्ह ॲज" केलेल्या फाइलवरही डोळे मिटून भरवसा ठेवू नका. काही सर्व्हर आणि क्लायंट मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवत नाहीत, मागितल्यावर साठवलेल्या भागांतून तो नव्याने रचून देतात.

आयमॅपवरून (सर्व्हरवरचे मेल वाचण्याच्या पद्धतीने) घेत असाल तर "बॉडी.पीक" वापरून पूर्ण संदेश बाइट म्हणून उतरवा. पीक वापरलं की मेलवर "वाचला" अशी खूण लागत नाही. चालू यंत्रणेत तपास करताना हे महत्त्वाचं. इथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या, कारण ती हमखास नजरेतून सुटते. तुमचा प्रोग्राम नाव कच्च्या मेलमधून वाचतो, की आयमॅपच्या "बॉडीस्ट्रक्चर" उत्तरातून? बॉडीस्ट्रक्चरमधलं नाव सर्व्हरने स्वतः फोड करून दिलेलं असतं. चूक सर्व्हरच्या पार्सरची (फोड करणाऱ्या कोडची) असेल तर लायब्ररीचा कोड कितीही वाचलात तरी काही सापडणार नाही. हे पाच मिनिटांत कळतं: तोच मेल फाइलमधून थेट लायब्ररीला द्या. नाव बरोबर आलं तर लायब्ररी निर्दोष आहे.

२. हेडर डोळ्यांनी वाचा

कच्ची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. एडिटर स्वतः अंदाज बांधून अक्षरं बदलत असेल तर हेक्स, म्हणजे प्रत्येक बाइटचा आकडा, दाखवणारं साधन घ्या. अटॅचमेंटच्या भागात नाव दोन ठिकाणी असू शकतं: "कंटेंट-डिस्पोझिशन" हेडरमध्ये "फाइलनेम" म्हणून आणि "कंटेंट-टाइप" हेडरमध्ये "नेम" म्हणून. अनेक प्रोग्राम दोन्ही पाठवतात आणि दोन्ही नावं सारखी असतीलच असं नाही. एक शुद्ध आणि दुसरं मोडकं असं पुष्कळदा दिसतं. तुमची लायब्ररी आधी कुठे बघते ते तिच्या दस्तऐवजात तपासा. पायथनचं "गेट_फाइलनेम" आधी डिस्पोझिशनमधलं फाइलनेम बघतं आणि ते नसेल तरच टाइपमधल्या नेमकडे वळतं.

मग नाव कोणत्या रूपात लिहिलंय ते ओळखा. रूपं मुळात चारच:

फाइलनेम="..." आत साधी आस्की अक्षरं: जुनं, सरळ रूप.

फाइलनेम*=यूटीएफ-८''%..%..: नावापाठी तारा, मग कॅरॅक्टर सेट (कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर ते ठरवणारा संच, इथे यूटीएफ-८), दोन एकेरी अवतरणचिन्हं आणि टक्केचिन्हांचा मजकूर. हे आरएफसी २२३१ चं रूप (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम नोंदणारे क्रमांकित दस्तऐवज), १९९७ मध्ये ठरलेलं. त्या दोन अवतरणचिन्हांच्या मधे भाषेचा संकेत येऊ शकतो; बहुतेकदा ती जागा रिकामी असते.

फाइलनेम="=?यूटीएफ-८?बी?...?=": हे आरएफसी २०४७ चं रूप, विषय-ओळीसाठी आणि व्यक्तीच्या नावासाठी बनवलेलं.

अवतरणांत थेट यूटीएफ-८ बाइट: आरएफसी ६५३२ ने २०१२ मध्ये याला जागा दिली, पण दोन्ही सर्व्हरांनी त्या सोयीबद्दल आधी आपसांत ठरवलेलं नसतानाही असे मेल येत राहतात.

तिसरं रूप नियमाने चुकीचं आहे. एन्कोड केलेला शब्द अवतरणांच्या आत आणि या दोन हेडरच्या पॅरामीटरमध्ये वापरू नये, असं २०४७ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही असे मेल रोज येतात आणि येत राहणार. "पाठवणाऱ्याची चूक आहे" हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं असलं तरी ज्याला फाइल हवी आहे त्याच्या कामाचं नाही. पाठवताना काटेकोर राहा, वाचताना हे रूप स्वीकारा.

३. नाव असायलाच हवं होतं का?

नाव रिकामं आलं की लगेच पार्सरला दोष देऊ नका. काही भागांना नाव नसणं वैधच आहे. मेलला जोडलेला दुसरा मेल नावाशिवाय येऊ शकतो. त्याला दाखवायचं नाव आतल्या विषय-ओळीवरून तुम्हीच बनवायचं. कॅलेंडरचं निमंत्रण, पोच न झाल्याचा अहवाल आणि मजकुरात बसवलेली चित्रं यांचंही तेच. "विनमेल.डॅट" दिसलं तर खरी फाइल आणि तिचं नाव मायक्रोसॉफ्टच्या टीनेफ नावाच्या वेष्टनात आहे, ते उलगडायला वेगळा डिकोडर लागतो. "एसमाइम.पी७एम" दिसलं तर आतला मजकूर कूटबद्ध किंवा स्वाक्षरी केलेला आहे, आणि अटॅचमेंटची नावं त्या आवरणाच्या आत आहेत.

४. लायब्ररीची सेटिंग्ज आणि आवृत्ती

"=?" वाली तक्रार असेल तर निम्म्याहून जास्त वेळा उत्तर इथेच मिळतं, असा माझा अनुभव आहे.

पायथनमध्ये मेल वाचताना पॉलिसी (वाचनाच्या नियमांचा संच) दिली नाही तर जुन्या सुसंगतीसाठी ठेवलेली "कॉम्पॅट३२" लागू होते. ती अवतरणांतला एन्कोड केलेला शब्द डिकोड करत नाही, जसाच्या तसा तुमच्या हातात देते. "डीफॉल्ट" पॉलिसी दिलीत की तोच शब्द डिकोड होऊन येतो, आणि नियम मोडल्याची नोंद हेडरच्या "डिफेक्ट्स" यादीत पडते. नाव "डीफॉल्ट" असलं तरी काही न देता वाचल्यावर लागू होणारी पॉलिसी ती नव्हे. पुष्कळ जण इथे फसतात.

जावामेलमध्ये, म्हणजे आताच्या जकार्ता मेलमध्ये, दोन वेगळ्या कळा, म्हणजे सेटिंग्ज, आहेत. "मेल.माइम.डिकोडपॅरामीटर्स" २२३१ च्या रूपासाठी आहे आणि १.५ आवृत्तीपासून ती आपोआप चालू असते. "मेल.माइम.डिकोडफाइलनेम" २०४७ च्या चुकीच्या रूपासाठी आहे आणि ती आपोआप बंद असते. एक चालू आहे म्हणून दुसरीही असेल असं धरू नका. तिसरी कळ "मेल.माइम.पॅरामीटर्स.स्ट्रिक्ट". काही प्रोग्राम अवतरणं न लावताच स्पेस असलेलं नाव पाठवतात. ही कळ "फॉल्स" केली की पॅरामीटरचं मूल्य पुढच्या अर्धविरामापर्यंत धरलं जातं आणि असं नावही पूर्ण मिळतं.

दुसऱ्या कोणत्या लायब्ररीवर असाल तर तिच्या बदलांच्या यादीत "२२३१", "फाइलनेम" आणि "कंटिन्युएशन" (लांब नावाचे तुकडे) हे शब्द शोधा. आवृत्ती वाढवणं स्वस्त वाटतं, पण आधी तो मेल टेस्ट केस म्हणून साठवा. नाहीतर सुधारणा नव्या आवृत्तीने झाली की योगायोगाने, हे कधीच कळणार नाही.

५. लायब्ररीभोवतीचा तुमचा कोड

इथे मी सर्वात जास्त वेळ देतो, कारण लायब्ररीवर आलेल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ तिला गुंडाळणाऱ्या पन्नास ओळींत निघतं.

पहिला संशयित: मेल बाइट म्हणून न वाचता स्ट्रिंग म्हणून वाचणं. सॉकेटवरून किंवा फाइलमधून आलेले बाइट आधी यूटीएफ-८ समजून स्ट्रिंगमध्ये बदलले आणि मग पार्सरला दिले, तर मेलमधला जो भाग यूटीएफ-८ नव्हता तो तिथेच मेला. एका मेलमधले वेगवेगळे भाग वेगवेगळ्या एन्कोडिंगमध्ये असू शकतात, त्यामुळे पूर्ण मेलला एकच एन्कोडिंग लावणं मुळातच चूक आहे. पायथनमध्ये यासाठी "मेसेज_फ्रॉम_बाइट्स" आहे, तेच वापरा.

दुसरा: अर्धविरामावर हेडर तोडणं. अवतरणांच्या आत अर्धविराम वैध असतो. "अहवाल; अंतिम" हे नाव पूर्णपणे नियमात बसतं आणि साध्या स्प्लिटने हमखास तुटतं. अवतरणांत उलटी तिरकी रेघ पुढच्या अक्षराचा अर्थ बदलते, तेही स्प्लिटला कळत नाही. पॅरामीटरच्या नावात लहान-मोठ्या लिपीचा भेद धरायचा नसतो, तोही हाताने लिहिलेल्या रेगेक्समध्ये (मजकूर जुळवण्याच्या साच्यात) राहून जातो. अशी रेगेक्स दिसली की सुधारत बसू नका. काढून टाका आणि लायब्ररीचा पॅरामीटर पार्सर वापरा.

तिसरा: दोनदा डिकोड. लायब्ररीने नाव डिकोड करून दिलेलं असतं आणि तुमचा कोड त्यावर पुन्हा टक्केचिन्हं उलगडतो. नावात खरंच "१००%" असेल तर ते मोडतं. वेब-फॉर्मसाठी बनवलेलं उलगडणारं फंक्शन वापरलं असेल तर अधिकचिन्हाची स्पेस होते. २२३१ मध्ये अधिकचिन्ह म्हणजे अधिकचिन्हच. याउलट २०४७ च्या "क्यू" पद्धतीत अंडरस्कोअर म्हणजे स्पेस. चुकीचा डिकोडर लावला की खरे अंडरस्कोअर स्पेस होतात किंवा स्पेसच्या जागी अंडरस्कोअर राहतात. तक्रार आलेल्या नावात अंडरस्कोअर आणि अधिकचिन्ह आहे का, एवढं बघूनही कधीकधी चूक थेट सापडते.

६. लांब नावांचे तुकडे

"छोटी नावं चालतात, लांब चालत नाहीत" असं कळलं की सरळ इथे या.

मेलच्या हेडरची ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी अशी शिफारस आहे आणि ९९८ ही कमाल मर्यादा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्राही त्यात आली, तीन बाइट घेतं. टक्केचिन्हांत तो प्रत्येक बाइट तीन अक्षरांचा होतो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं! "निविदा" या छोट्याशा शब्दात सहा चिन्हं आहेत, त्याची ५४ अक्षरं झाली. ओळ तिथेच भरत आली. त्यामुळे देवनागरीत जरा लांब नाव दिलं की पाठवणारा प्रोग्राम त्याचे तुकडे करतोच. इंग्रजी नावांवर तपासलेला कोड या वाटेने कधी गेलेलाच नसतो, म्हणून हा बिघाड आपल्या भाषांतल्या वापरकर्त्यांना सर्वात आधी भेटतो.

तुकडे असे दिसतात:

फाइलनेम*०*=यूटीएफ-८''%..%..;
फाइलनेम*१*=%..%..;
फाइलनेम*२=".पीडीएफ"

इथे चार गोष्टी तपासा. क्रमांक शून्यापासून सुरू होतात. कॅरॅक्टर सेट फक्त पहिल्या तुकड्यात असतो आणि पुढच्या सगळ्यांना लागू होतो. शेवटी तारा असलेला तुकडाच टक्क्यांतून उलगडायचा. वरच्या उदाहरणातला तिसरा तुकडा साधा आहे, तो जसाच्या तसा जोडायचा. आणि तुकडे हेडरमध्ये क्रमानेच येतील याची हमी नाही, म्हणून क्रमांकावर लावायचे. अंकांच्या क्रमाने, अक्षरांच्या नव्हे. नाहीतर दहावा तुकडा दुसऱ्याच्या आधी जाऊन बसतो.

सर्वात घातक चूक यानंतरची: प्रत्येक तुकडा वेगळा डिकोड करून मग स्ट्रिंग जोडणं. काही प्रोग्राम तीन बाइटांच्या चिन्हाच्या मधोमध तुकडा पाडतात. अर्धं चिन्ह वेगळं डिकोड केलं की त्याच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं किंवा अपवाद फेकला जातो. आधी सगळ्या तुकड्यांचे बाइट जोडा, डिकोड शेवटी एकदाच करा.

२०४७ च्या रूपातही हेच घडतं. एका एन्कोड केलेल्या शब्दाची कमाल लांबी ७५ अक्षरं, त्यात वेष्टन वजा जाता बेस६४ ने (बाइट आस्की अक्षरांत लिहिण्याच्या "बी" पद्धतीने) देवनागरीची जेमतेम पंधरा चिन्हं बसतात. नाव त्याहून लांब असेल तर शब्द एकापुढे एक येतात. त्यांच्या मधली स्पेस आणि ओळ-मोड गिळून टाकायची असते. ती राहिली तर नावाच्या मधोमध भलतीच स्पेस दिसते. एक चिन्ह दोन शब्दांत तोडू नये असा नियम आहे, तो मोडला जातो. शेजारच्या शब्दांचा कॅरॅक्टर सेट आणि पद्धत सारखी असेल तर त्यांचेही बाइट आधी जोडून मग डिकोड करणं हाच टिकाऊ उपाय.

७. कॅरॅक्टर सेटचं लेबल खोटं असणं

लेबलावर एक आणि आत दुसरंच, हे मेलमध्ये नेहमीचं आहे. "जीबी२३१२" लिहिलेलं असतं आणि आतली अक्षरं त्याच्या मोठ्या भावंडातली, म्हणजे जीबीकेमधली असतात. "आयएसओ-८८५९-१" लिहिलेल्या मजकुरात विंडोज-१२५२ ची वळणदार अवतरणं सापडतात. ब्राउझर या दोन्ही लेबलांना मुद्दाम मोठ्या संचाने वाचतात. मेल वाचतानाही तसंच करणं सुरक्षित आहे. "यूटीएफ८" असं जोडरेघेशिवाय लिहिलेलं लेबल काही लायब्ररी ओळखत नाहीत, त्यासाठी पर्यायी नावांचा छोटा तक्ता पुरतो.

लेबल नसेल किंवा अनोळखी असेल तर आधी काटेकोर यूटीएफ-८ लावून बघा. दुसऱ्या एन्कोडिंगमधला मजकूर योगायोगाने वैध यूटीएफ-८ ठरण्याची शक्यता कमी असते, म्हणून हा प्रयत्न पहिला. तो फसला तरच पुढचा अंदाज.

लक्षणांवरून मागे जाताना मोजणी उपयोगी पडते. एका देवनागरी चिन्हामागे तीन लॅटिन चिन्हं दिसली तर यूटीएफ-८ एकदा चुकीचं वाचलं गेलं. सहाच्या आसपास दिसली तर चुकीचं वाचून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहून पुन्हा चुकीचं वाचलं गेलं. दोन्ही उलट फिरवता येण्याची शक्यता असते. साधी प्रश्नचिन्हं मात्र उलट फिरत नाहीत. मूळ बाइट तिथे पुसले गेलेले असतात, तेव्हा नाव "दुरुस्त" करण्याचा प्रयत्न थांबवा आणि ती कुठे तयार झाली ते शोधा. कच्च्या मेलमध्येच असतील तर ती तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच झाली आहेत.

८. साफसफाई आणि साठवण

लायब्ररीने नाव बरोबर दिलं, लॉगमध्येही बरोबर दिसतंय, पण डिस्कवर चुकलं. आता दोष साफसफाईच्या फंक्शनचा.

मात्रा गायब होण्याचं कारण जवळपास नेहमी एकच: "शब्दातली अक्षरं सोडून बाकी सगळं काढा" अशी रेगेक्स. पायथनच्या मूळ रेगेक्समध्ये तो वर्ग देवनागरी व्यंजनांना अक्षर मानतो, पण मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांना मानत नाही. म्हणून "निविदा" चं "नवद" होतं. जावास्क्रिप्टमध्ये तोच वर्ग फक्त रोमन लिपीपुरता आहे, तिथे नाव पूर्णच उडतं. काय ठेवायचं याची यादी करण्यापेक्षा काय काढायचं याची यादी करा: दोन्ही तिरक्या रेघा, शून्य बाइट, नियंत्रक अक्षरं, विंडोजवर चालत नसलेली चिन्हं, शेवटचे टिंब आणि स्पेस, आणि लिखाणाची दिशा उलटवणारं यू+२०२ई हे अदृश्य चिन्ह. त्या चिन्हाने फाइलचा खरा प्रकार लपवता येतो, म्हणून ते काढायलाच हवं.

पण "सगळी अदृश्य चिन्हं काढा" असं मात्र करू नका. मराठीतला "ऱ्य" तीन प्रकारे टाइप झालेला सापडतो: ऱ या स्वतंत्र चिन्हाने, र आणि खालच्या नुक्त्याने, किंवा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक यांनी. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात एकच होतात. तिसरा वेगळाच राहतो, आणि त्यातला जोडक काढलात तर "दुसर्‍या" चं "दुसर्या" होतं. नावं जुळवताना, म्हणजे ही फाइल आधी आली होती का हे बघताना, आधी एनएफसी करा आणि तिसऱ्या प्रकारासाठी वेगळा नियम ठेवा.

लांबीही बघा. लिनक्सच्या एक्स्ट४ वर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. कापायचंच असेल तर चिन्हाच्या मधोमध नाही, त्याच्या सीमेवर कापा, आणि शेवटचा प्रकारदर्शक भाग वाचवा.

आरएफसी २१८३ ने बजावलं आहे की मेलमधल्या नावातला फोल्डरचा मार्ग पाळायचा नाही. माझा आग्रह याच्याही पुढे आहे. मेलमधून आलेल्या नावाने डिस्कवर फाइल बनवूच नका. साठवायला स्वतः तयार केलेला ओळख-क्रमांक वापरा, मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवा आणि शेजारी हेडरचे कच्चे बाइटही ठेवा. उद्या पार्सर सुधारला की जुनी नावं पुन्हा काढता येतात. आणि नाव कितीही मोडकं असलं तरी त्यापायी मेल अडवू नका: अपवाद पकडा, तात्पुरतं नाव द्या, लॉगमध्ये नोंद करा, फाइल माणसापर्यंत पोचू द्या. तिथे कोणीतरी त्या फाइलची वाट बघत असतं.

९. वाटेत कोणी हात लावला का?

सगळं ठीक, तरीही एकाच पाठवणाऱ्याची नावं कधी बरोबर तर कधी चूक येतात. आता मधल्या गेटवेकडे बघा: व्हायरस तपासणारे, मेलखाली सूचना चिकटवणारे, मेलिंग लिस्ट चालवणारे. यांपैकी कोणीही मेलचे भाग उलगडून नव्याने लिहू शकतो.

इथे डीकिमची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेली डिजिटल, स्वाक्षरी कामी येते. अनेक भागांच्या मेलमध्ये प्रत्येक अटॅचमेंटचे हेडर हे डीकिमच्या दृष्टीने मुख्य मजकुराचाच भाग असतात, त्यामुळे त्यांत बदल झाला की मजकुराचा हॅश (त्यावरून काढलेला ठसा) जुळत नाही. कच्च्या मेलवर पाठवणाऱ्या डोमेनची स्वाक्षरी जुळली तर स्वाक्षरी झाली तेव्हाही नाव असंच होतं, म्हणजे बिघाड पाठवणाऱ्याकडचा. मजकुराचा हॅश न जुळल्यास वाटेत काहीतरी बदललं आहे, "रिसीव्ह्ड" हेडर खालून वर वाचत जा. स्वाक्षरीत लांबीची मर्यादा घातलेली असेल, किंवा मेल एकाच भागाचा असेल, तर हा निष्कर्ष असा सरळ काढता येत नाही.

१०. लायब्ररीतच चूक निघाली तर

मग मेल छोटा करा. मजकूर काढा, अटॅचमेंटच्या जागी एक ओळ ठेवा, व्यक्तींची नावं आणि पत्ते बदला, आणि प्रत्येक बदलानंतर चूक अजून येते का ते पाहा. उरेल ती दहा-पंधरा ओळींची फाइल लायब्ररीच्या देखभाल करणाऱ्यांना द्या. सोबत अपेक्षित नाव, मिळालेलं नाव, आवृत्ती आणि वापरलेली सेटिंग्ज लिहा. खरा मेल कधीही जसाच्या तसा पाठवू नका, तो दुसऱ्याचा खासगी पत्रव्यवहार आहे. छोटा करताना एडिटरने ओळींचे शेवट किंवा एन्कोडिंग बदललं नाही ना, हे हेक्समध्ये खात्री करून घ्या. नाहीतर चूकच नाहीशी होते.

कुठे थांबायचं

पुढच्या परिस्थितींत स्वतः खटपट करत राहू नका.

नाव वाचताना प्रोग्राम अपवाद न फेकता थेट कोसळत असेल, किंवा मेमरी भराभर वाढत असेल, तर हा सुरक्षेचा प्रश्न असू शकतो. विशेषतः सी किंवा सी++ मधल्या पार्सरच्या बाबतीत. उघड्यावर नोंद न करता लायब्ररीच्या खासगी सुरक्षा-संपर्काला कळवा आणि तोवर तो मार्ग बंद ठेवा.

नावात वरच्या फोल्डरकडे नेणारे दोन टिंब, दिशा उलटवणारं चिन्ह किंवा दोन-दोन प्रकारदर्शक दिसले तर फाइल उघडून बघू नका. ती संस्थेच्या सुरक्षा-विभागाकडे सोपवा.

मेल एखाद्या वादात किंवा चौकशीत पुरावा असेल तर मूळ प्रतीला हात न लावता डिजिटल न्यायवैद्यक तज्ज्ञाला बोलवा. नाव दुरुस्त करण्याचा साधा प्रयत्नही पुराव्याचं मोल घालवू शकतो.

दोष गेटवेचा किंवा सर्व्हरचा निघाला तर मेल-सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच सांगा. त्याच्या चुकीवर तुमच्या कोडमध्ये ठिगळ लावलंत तर तो सुधारेल त्या दिवशी तुमचा कोड मोडेल. आणि वरच्या दहाही तपासण्या करून "आपणच नवा पार्सर लिहू या" असा विचार आला, तर तो लिहिण्याआधी मेलचे नियम आणि त्यांचे प्रत्यक्षातले भंग हाताळलेल्या माणसाला निदान एकदा तुमचे टेस्ट केस दाखवा.